तक्त्याखालची ओळ : एका शोधनिबंधाच्या वाचनाचे प्रकरण

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाला हात घालण्यापूर्वी एखाद्या संशोधन-नियतकालिकातला एक लेख निवडावा आणि त्यावर विभागासमोर वीस मिनिटे बोलावे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पुढील प्रकरण अशा एका सादरीकरणाचे आणि त्यानंतर तोच लेख पुन्हा वाचण्यात गेलेल्या दोन महिन्यांचे आहे. विद्यार्थिनीचे नाव, तिचे गाव आणि तिने निवडलेला लेख यांची ओळख मी दिलेली नाही. लेखातले आकडेही हिशेब सहज मनात राहावा म्हणून बदलून सोपे केले आहेत. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा, खतांच्या शिफारशी आणि जुन्या लेखांचे संदर्भ मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी शिरोळ तालुक्यातली. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते त्या टापूतली काळी खोल जमीन, वर्षानुवर्षे घेतला जाणारा ऊस आणि अतिपाण्याने क्षारपड झालेली शिवारे हे तिचे लहानपणापासूनचे जग आहे. दहावीपर्यंत ती गावातच मराठी माध्यमातून शिकली आणि अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकू लागली. बी.एस्सी.ला तिचा विषय रसायनशास्त्र होता आणि प्रयोगशाळेत तिचा हात चांगला बसलेला होता. पाण्यातले नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचे आणि सेंद्रिय द्रव्याचा हिस्सा वजा करण्यासाठी २७५ नॅनोमीटरवर पुन्हा मोजायचे, हे तिला पुस्तक न उघडता करता येत असे.

तिने भूजलातील नायट्रेट हा विषय निवडला, यामागे घरचे कारण होते. पाण्यातले जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते, आणि घरी भावाचे पाच महिन्यांचे बाळ होते. त्याला वरचे दूध सुरू झाले होते आणि दुधाची भुकटी कालवायला घरामागच्या बोअरचे पाणी वापरले जाई. आजी ते पाणी न चुकता उकळून घेत असे. उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले नायट्रेट जात नाही; पाण्याची वाफ होते तेवढे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. ही गोष्ट वर्गात ऐकल्यापासून तिच्या मनात घोळत होती.

तिने निवडलेला लेख दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या बागायती पट्ट्यातील विहिरींवर होता. त्याचा सारांश कोणालाही मोफत दिसत होता, पूर्ण लेख मात्र पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. पण या संस्थांबाहेरच्या वाचकाला आजही बहुतेक वेळा सारांशाच्या दारातच थांबावे लागते. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या मदतीने पूर्ण लेख तिच्या हाती आला तोवर तीन आठवडे गेले होते. या तीन आठवड्यांत तिने सारांश इतक्या वेळा वाचला होता की लेखात काय आहे याविषयी तिचे मत जवळजवळ ठरून गेले होते. पुढे जे घडले त्याचे एक मूळ इथे आहे, असे मला वाटते.

सादरीकरण

सारांशात लिहिले होते की तपासलेल्या २५ विहिरींमध्ये नायट्रेटचे सरासरी प्रमाण १२ मिलिग्रॅम प्रति लिटर आढळले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि तिच्यात सवलत दिलेली नाही. तिने पडद्यावर हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी दाखवले आणि स्वच्छ, ठाम आवाजात सांगितले की त्या भागातले पाणी नायट्रेटच्या दृष्टीने सुरक्षित आहे, कारण ते मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. खोलीत आम्ही तीन शिक्षक होतो. आमच्यापैकी कोणालाही तिला थांबवावेसे वाटले नाही, आणि यात मीही होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या वर्षाच्या एका मुलाने मोबाइलवर लेख उघडून विचारले, “ताई, शेवटी तर लेखकांनी निम्म्याहून जास्त विहिरींचं पाणी लहान बाळांना देऊ नये म्हटलंय. ते कसं काय?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मॅडम, ते मी वाचलं होतं. आकडा आणि निष्कर्ष जुळत नव्हते. मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय, म्हणून ते सोडून दिलं.”

या प्रकरणाचा गाभा मला या उत्तरात दिसतो. तक्ता आणि निष्कर्ष एकमेकांशी भांडताहेत, हे तिला अचूक दिसले होते. लेख वाचताना वाचकाला याहून मोलाची खूण क्वचितच मिळते. अशा जागी एकतर लेखकांची चूक असते, नाहीतर आपल्या समजुतीत एखादा सांधा निसटलेला असतो, आणि दोन्ही परिस्थितींत तिथेच खणायचे असते. तिने ती जागा ओळखली आणि आपल्या इंग्रजीवर ठपका ठेवून तिथून काढता पाय घेतला. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलांना मी असे करताना पाहिले आहे. समजले नाही की दोष भाषेचा, हे त्यांनी इतके गृहीत धरलेले असते की दोष तपासण्याची गरजच उरत नाही. त्यांचे इंग्रजी बहुतेक वेळा त्या कामापुरते पुरेसे असते.

कोरी राहिलेली जागा

दुसऱ्या दिवशी मी तिला तिची छापील प्रत घेऊन यायला सांगितले. चौदा पानांची ती प्रत पाहून मला तिच्या कष्टांचा आदर वाटला. जवळजवळ प्रत्येक ओळीवर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते आणि प्रस्तावनेची दोन पाने तर अर्थांनी भरून गेली होती. कोरी जागा एकच होती. तिसऱ्या तक्त्याखाली अगदी बारीक टाइपात एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा : सर्व मूल्ये मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये; नायट्रेट हे नायट्रोजन म्हणून; ± पुढील आकडा प्रमाण त्रुटी; नमुने २५.

या ओळीत एकही अवघड शब्द नव्हता, म्हणून पेन्सिल तिथे थांबली नव्हती. शब्दकोशाच्या आधाराने वाचणारा माणूस अडलेल्या शब्दापाशी थांबतो. शास्त्रीय लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर मात्र पुष्कळदा सोप्या, लहान शब्दांत आणि लहान अक्षरांत लिहिलेला असतो. ‘म्हणून’ या एका शब्दावर सगळा निकाल फिरत होता. मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना अवघड पारिभाषिक शब्दांची एक यादी देत आले होते आणि आधी सारांश, मग निष्कर्ष, मग वेळ मिळाला तर बाकीचे वाचा असा सल्लाही देत होते. तिने माझा सल्ला तंतोतंत पाळला होता. चूक घडण्यात त्या सल्ल्याचा वाटा होता, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

नत्र आणि युरिया

‘नायट्रेट हे नायट्रोजन म्हणून’ याचा अर्थ मी थेट सांगितला असता तर तिने तो वहीत लिहून घेतला असता आणि पुढच्या लेखात पुन्हा तीच गफलत झाली असती. म्हणून मी तिला वेगळाच प्रश्न विचारला. तुमच्याकडे सुरू हंगामातल्या उसाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती देतात? तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले की शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १०० किलो नत्र. मग एकरी १०० किलो युरिया टाकतात का, असे विचारल्यावर ती हसली. “नाही मॅडम. युरियात नत्र शंभरात शेहेचाळीसच असतं. आण्णांना विचारलं तर ते झोपेतसुद्धा सांगतील.” सगळे नत्र युरियातूनच द्यायचे ठरवले तर १०० किलो नत्रासाठी साधारण २१७ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोची जवळजवळ पाच पोती. हा हिशेब तिने बोटांवर करून दाखवला.

यानंतर मला फार बोलावे लागले नाही. मी तिच्यापुढे तक्त्याखालची ती ओळ ठेवली आणि थांबले. नायट्रेटच्या एका घटकात नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. नायट्रोजनचा अणुभार १४, ऑक्सिजनचा १६, म्हणून एकूण भार ६२. १४ मिलिग्रॅम नायट्रोजन असले की ६२ मिलिग्रॅम नायट्रेट असते. ६२ भागिले १४ म्हणजे ४.४३. लेखातले १२ मिलिग्रॅम हे ‘नत्र’ होते, पोत्यातला ‘युरिया’ नव्हता. नायट्रेट म्हणून मोजले तर तोच आकडा १२ गुणिले ४.४३, म्हणजे सुमारे ५३ होतो आणि ४५ ची मर्यादा ओलांडतो. तिने गुणाकार दोनदा केला, मग वहीवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे मी सगळ्यांसमोर उलटं सांगितलं.”

तिच्या मनातला आणखी एक गुंता याच हिशेबाने सुटला. अमेरिकेची मर्यादा १० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५० आहे आणि आपली ४५, असे तिने तीन ठिकाणी वाचले होते. अमेरिका आपल्यापेक्षा चौपट-पाचपट कडक आहे, असा अर्थ तिने त्यातून काढला होता. प्रत्यक्षात अमेरिकेचे १० मिलिग्रॅम हे नायट्रोजन म्हणून आहेत आणि नायट्रेट म्हणून ते ४४.३ होतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ५० हे नायट्रेट म्हणून आहेत आणि नायट्रोजन म्हणून ते ११.३ भरतात. तिन्ही ठिकाणची मर्यादा जवळजवळ एकच आहे, फक्त मोजमापाची पाटी वेगळी आहे.

इथे थोडे अवांतर, पण याच धाग्यातले. डीएपी या खताच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेले असते. त्यातले ४६ हे शुद्ध स्फुरदमूलद्रव्य नसून त्याच्या ऑक्साइडचे प्रमाण आहे. शेतीची शिफारसही त्याच भाषेत असल्याने शेतकऱ्याचा हिशेब चुकत नाही. मातीपरीक्षणावरचा एखादा लेख मात्र मूलद्रव्याच्या भाषेत बोलतो आणि वाचक शिफारशीच्या भाषेत ऐकतो. ही पाटी वाचण्याची सवय लागलेल्या शेतकरी घरातल्या मुलांपाशी एक मोठे भांडवल आहे. ते कॉलेजच्या दारात बाहेर काढून ठेवायला आपण त्यांना नकळत शिकवतो, याचे मला वाईट वाटते.

± म्हणजे काय

या लेखासाठी आम्ही दर शनिवारी बसत होतो. पहिल्या शनिवारी नायट्रोजनचा प्रश्न सुटला. दुसरा शनिवार त्याच ओळीतल्या दुसऱ्या तुकड्यावर गेला. तक्त्यात १२ ± २ असे लिहिले होते. तिने त्याचा अर्थ असा घेतला होता की विहिरींमधले प्रमाण १० ते १४ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे सगळ्या विहिरी साधारण सारख्याच. हा अर्थ घेतला तर लेखकांचे ‘निम्म्याहून जास्त विहिरी’ हे शब्द पुन्हा विचित्र वाटू लागतात, कारण मग जवळजवळ सगळ्याच विहिरी मर्यादेपाशी (नायट्रोजन म्हणून ती सुमारे १० भरते) किंवा तिच्यावर असायला हव्या होत्या.

तक्त्याखाली ± पुढचा आकडा प्रमाण त्रुटी असल्याचे लिहिले होते. प्रमाण विचलन वेगळे आणि प्रमाण त्रुटी वेगळी. विहिरीविहिरींमध्ये किती फरक आहे ते प्रमाण विचलन सांगते. आपण काढलेली सरासरी किती भरवशाची आहे ते प्रमाण त्रुटी सांगते. विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की त्रुटी मिळते, म्हणून ती नेहमीच लहान दिसते. नमुने २५, वर्गमूळ ५, तेव्हा २ ची त्रुटी म्हणजे १० चे विचलन. १२ ची सरासरी आणि १० चे विचलन! नायट्रेट शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असणे कठीण आहे. काही विहिरींत फारच कमी आणि मोजक्या विहिरींत फार जास्त, असे चित्र असण्याची शक्यता मोठी. अशा ठिकाणी सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, अधिक उपयोगी पडला असता. लेखकांनी तो दिला नव्हता. माझ्या मते द्यायला हवा होता.

तिने स्वतःहून पुढचा प्रश्न विचारला : मग एखाद्या विहिरीत नायट्रोजन म्हणून ४० सुद्धा असू शकतील? असू शकतील. सरासरी मर्यादेच्या आसपास आहे म्हणून गावातली प्रत्येक विहीर तशीच आहे असे होत नाही आणि ज्या घरात बाळ आहे त्या घराला सरासरीचा उपयोग फारसा नाही, इथपर्यंत ती आपली आपण आली. पी-मूल्याचा, म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगानेही किती सहज दिसू शकला असता ते सांगणाऱ्या आकड्याचा, विषयही त्याच दिवशी निघाला, पण त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. ‘सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ’ या शब्दांना तिने ‘महत्त्वाचे’ असा अर्थ लिहिला होता तो खोडला. पी-मूल्य परिणामाचा आकार किंवा त्याचे महत्त्व मोजत नाही, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्टपणे सांगितले आहे, एवढेच तिला सांगितले.

‘मुळे’ हा प्रत्यय

सगळ्यात जास्त वेळ लागला तो तिच्या मराठी टिपणांना, आणि माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. इंग्रजी वाचून मराठीत टिपण काढणे हा चांगलाच अभ्यास आहे. मी तो सगळ्यांना करायला सांगते. पण तिच्या वहीत पहिल्याच पानावर वाक्य होते : ‘रासायनिक खतांमुळे भूजलातील नायट्रेट वाढले आहे.’ लेखात तसे वाक्य शोधूनही सापडले नाही. लेखकांनी लिहिले होते ते असे की बागायती शेतांजवळच्या विहिरींत नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले, आणि खतांचा वापर हे त्याचे एक कारण असू शकते.

‘सोबत आढळले’, ‘संबंध दिसतो’, ‘सूचित होते’, ‘असू शकते’ ही शास्त्रीय लेखातली शब्दांची उतरंड आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक पायरीवर लेखकाने आपल्या पुराव्याइतकेच वजन ठेवलेले असते, निदान ठेवायला हवे. मराठीत टिपण काढताना या सगळ्या पायऱ्या एका ‘मुळे’मध्ये कोसळतात. हा दोन अक्षरांचा प्रत्यय आपल्या तोंडात इतका बसलेला आहे की त्याने आपण कार्यकारणाचा दावा केला, हे लिहिणाऱ्याला जाणवतच नाही. आम्ही तिच्या टिपणांतले ‘मुळे’ लाल पेनने घेरले. सतरा निघाले. त्यांपैकी लेखाचा आधार असलेले तीन होते.

उरलेल्या चौदा वाक्यांच्या दुरुस्तीत ती जे शिकली ते मी व्याख्यानाने शिकवू शकले नसते. दर वेळी तिला लेखात परत जाऊन पाहावे लागले की लेखकांनी नेमके काय पाहिले होते आणि त्यावरून काय म्हटले होते. मग मी तिला तिच्या स्वतःच्या घरामागच्या बोअरचा नकाशा काढायला सांगितला. बोअरच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला गोठा आणि उकिरडा, आणि पंचवीस-तीस फुटांवर शौचालयाचा शोषखड्डा. तिने नकाशा काढला आणि म्हणाली, “इथं नायट्रेट निघालं तर ते खताचं का शेणाचं, कसं ओळखणार?” नुसते नायट्रेट मोजून ते ओळखता येत नाही. नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे (त्याच मूलद्रव्याच्या जरा जड अणूचे) प्रमाण शेणखतात आणि मैल्यात रासायनिक खतापेक्षा सामान्यतः जास्त असते, त्यावरून काही अंदाज बांधता येतो. तिच्या लेखात अशी तपासणी केलेली नव्हती. लेखकांनी ‘असू शकते’ का लिहिले, याचे उत्तर तिला आपल्या परड्यात सापडले.

मागे जाणारी वाट

पाचव्या शनिवारनंतर तिने एक गोष्ट मला न विचारता केली. लेखाच्या प्रस्तावनेत एक वाक्य होते की नायट्रेटची मर्यादा तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी ठरवलेली आहे, आणि त्यापुढे एका अलीकडच्या आढाव्याचा संदर्भ होता. तिने तो आढावा शोधला, त्यात आणखी जुना संदर्भ सापडला, तोही शोधला, आणि दोन आठवड्यांनी ती १९५१ सालच्या अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमधल्या वॉल्टन यांच्या लेखापर्यंत पोहोचली. हा लेख इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्याच्याही मागे कॉमली या डॉक्टरांचा १९४५ चा लेख आहे. आयोवा राज्यातल्या ज्या बाळांच्या दुधात विहिरीचे पाणी वापरले जाई त्यांच्यापैकी काही निळसर पडत होती, आणि पाण्यातल्या नायट्रेटशी असलेला त्याचा संबंध त्यांनी मांडला होता. पोटातले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात, नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते आणि मेथहिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. तान्ह्या बाळांत हे उलट फिरवणारे विकर (एन्झाइम) कमी असते, म्हणून धोका त्यांना अधिक.

वॉल्टन यांनी अमेरिकेतल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा नायट्रोजन म्हणून १० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाणाच्या पाण्यात एकही रुग्ण आढळला नव्हता. तिने तो लेख वाचून मला दाखवला तेव्हा आधी त्या वाक्यातल्या ‘नायट्रोजन म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवले. हा १० चा आकडा कुठून आला आणि त्याचे आपल्याकडे ४५ कसे झाले, ही साखळी तिने स्वतः जोडली होती. त्याबरोबर आणखी एक गोष्ट तिने टिपून आणली होती. त्या जुन्या विहिरी पुष्कळदा जंतूंनीही दूषित असत आणि बाळांना झालेल्या जुलाबांचाही या आजारात वाटा असावा, असे नंतरच्या काही संशोधकांनी मांडले आहे. तिच्या वहीत हे वाक्य ‘वाटा असावा असे मांडले आहे’ असेच होते. ‘मुळे’ नव्हते.

लेख वाचण्याचा तिचा क्रमही आता बदलला होता. ती आधी तक्ते आणि त्यांच्याखालच्या ओळी पाहते, मग पद्धतीचा भाग, मग निकाल. प्रस्तावना आणि चर्चा त्यानंतर, आणि सारांश सर्वांत शेवटी, आपल्याला कळलेल्या गोष्टीशी तो जुळतो का हे ताडून पाहण्यासाठी. हाच क्रम सगळ्यांनी ठेवावा असे माझे म्हणणे नाही. तिच्यासाठी तो योग्य आहे, कारण पद्धतीच्या भागातली प्रयोगशाळा तिच्या ओळखीची आहे. जिथे पाय रोवता येतो तिथून आत शिरावे. सैद्धांतिक गणिताचा किंवा इतिहासाचा लेख वाचणाऱ्याला वेगळे दार शोधावे लागेल.

या क्रमाने तिला काय दिले याचा पुरावा मला सातव्या आठवड्यात मिळाला. नायट्रेटसाठी घेतलेला नमुना ४ अंश सेल्सियसला ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर जंतूंच्या क्रियेने प्रमाण बदलू शकते. तिच्या लेखात नमुने मे महिन्यात घेतल्याचे लिहिले होते, थंड ठेवल्याचेही लिहिले होते, पण घेतल्यापासून तपासणीपर्यंत किती वेळ गेला याचा उल्लेख नव्हता. हे माझ्या लक्षात आले नव्हते. तिने ते दाखवले आणि पुढे विचारले की मेऐवजी पावसाळ्यानंतर नमुने घेतले असते तर खत मुरून गेल्यावरचे चित्र वेगळे दिसले असते का. त्या लेखाच्या आधारे उत्तर देता येत नव्हते. तिने तो प्रश्न आपल्या प्रकल्पाचा विषय म्हणून लिहून दिला.

घरचे पाणी

लेखातली विहीर आपल्या घरामागे नाही, हे तिने ओळखले होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या २५ विहिरींवरून शिरोळमधल्या आपल्या बोअरचे काही ठरत नाही. तरीही तपासणी होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नव्हते, म्हणून तिने आजीला आधीच समजावले. आजीचा पहिला प्रश्न होता, “मग आता पानी उकळायचंच न्हाई व्हय?” उकळायचे, कारण जंतूंसाठी ते हवेच, पण बाळासाठी बोअरचे न घेता नळयोजनेचे पाणी घेऊन उकळायचे. आजीने ते त्याच दिवसापासून सुरू केले. नळाच्या पाण्याचाही एक नमुना तपासायचा, हे तिने तेव्हाच ठरवले.

दोन महिन्यांनंतरच्या एका सोमवारी ती थर्मासमध्ये बर्फ घालून चार बाटल्या घेऊन पहिल्या एसटीने आली. बोअर, शेतातली विहीर, शेजाऱ्यांची विहीर आणि नळ. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, खोली, आणि जवळ काय आहे याची नोंद होती. दुपारपर्यंत मापन सुरू झाले. निकाल लिहायला तिने वहीत तक्ता आखला, पण आकडे भरण्याआधी त्याच्याखाली एक ओळ लिहिली : ‘नायट्रेट हे नायट्रेट म्हणून, मिलिग्रॅम प्रति लिटर; नायट्रोजन म्हणून हवे असल्यास ४.४३ ने भागावे. प्रत्येक नमुन्याचे तीनदा मापन. ± पुढील आकडा प्रमाण विचलन. नमुना घेतल्यापासून तपासणीपर्यंत ७ तास.’